शेवभाजीच्या पातेल्यातली महागाई

नोव्हेंबर २०२५ मधली संध्याकाळ. टीव्हीवर बातमी लागली होती: ऑक्टोबर महिन्याचा महागाई दर ०.२५ टक्के, आणि खाण्यापिण्याच्या वस्तूंचा तर शून्याच्याही खाली, उणे ५.०२ टक्के. आई ओट्यापाशी शेवभाजीसाठी कांदा भाजत होती. मान न वळवता तिने विचारलं, "टीव्हीवाला म्हणस महागाई सरनी. मंग तेलना डबा का बरं उतरत नही?"

मी जळगावात वाणिज्य शाखेच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते. महागाई दराची व्याख्या दर वर्षी फळ्यावर लिहिते. पण आईचा प्रश्न व्याख्येचा नव्हताच. महिन्याला किराण्याचे पैसे मोजून देणाऱ्या बाईचा तो प्रश्न होता, आणि तो अगदी रास्त होता. त्या दिवशी तिला जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक घोळ सोडवू. महागाईचा दर कमी होणं वेगळं आणि भाव कमी होणं वेगळं. पावसाळ्यात तापीला पूर येतो तेव्हा आपण दोन गोष्टी विचारतो: पाणी कुठवर आलंय, आणि किती वेगाने चढतंय. चढायचा वेग मंदावला म्हणून पाणी ओसरलं असं काठावरचं गाव कधी म्हणत नाही. बातमीतला आकडा हा चढण्याचा वेग आहे. गेल्या वर्षी याच महिन्यात जे भाव होते, त्यांच्या तुलनेत आज किती फरक पडला, एवढंच तो सांगतो.

आता "उणे ५" कसं आलं ते बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये खाद्यपदार्थांची महागाई १०.८७ टक्के होती. भाजीपाला तर वर्षभरात ४२ टक्क्यांनी वाढला होता. म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये खाण्यापिण्याच्या सगळ्या वस्तूंची जी पिशवी १०० रुपयांत भरायची, तिला वर्षभराने जवळपास १११ रुपये लागले. पुढच्या वर्षी ती ५ टक्क्यांनी उतरली आणि १०५ रुपये ३० पैशांवर आली. बातमी खोटी नाही, पिशवी खरोखर स्वस्त झाली. पण दोन वर्षांपूर्वीच्या मानाने अजूनही सव्वापाच टक्के महागच आहे. गेल्या वर्षीचे भाव फार उंच असले की यंदाचा आकडा आपोआप नरम दिसतो. म्हणून महागाईची बातमी ऐकताना "कशाच्या मानाने?" हे विचारायची सवय लावून घ्यावी.

दुसरी गोष्ट सरासरीची. त्या ऑक्टोबरात भाज्या वर्षभरापूर्वीपेक्षा २७ टक्क्यांहून जास्त आणि डाळी १६ टक्क्यांनी स्वस्त होत्या. तेल आणि तूप मात्र सुमारे ११ टक्क्यांनी महाग होतं. हे सगळं एकत्र केल्यावर आकडा उणे आला. आई नेमकी तेलाकडे बघत होती, आणि आमच्याकडे तेल लागतंही भरपूर. शेवभाजीवर तर्री दिसली नाही तर पाहुणा काही बोलत नाही, पण पोळीही दुसरी घेत नाही.

त्या पातेल्यातच जरा डोकावू. किराणा का महागतो, याचं पुस्तकी उत्तर "मागणी आणि पुरवठा" असं दोन शब्दांचं आहे. त्याने कुणाचं समाधान होत नाही. शेवभाजीत सहा-सात जिन्नस पडतात आणि प्रत्येकाच्या भावाची गोष्ट वेगळी आहे.

कांद्यापासून सुरू करते. आपल्याकडे साक्री, पिंपळनेर भागात तो भरपूर पिकतो. देशातला बहुतेक कांदा उन्हाळी, म्हणजे रब्बीचा. एप्रिल-मे मध्ये तो काढायचा, चाळीत साठवायचा आणि पावसाळाभर पुरवायचा. ऑगस्टनंतर चाळीतला कांदा सडायला लागतो, कोंब धरतो, आणि खरिपाचा लाल कांदा अजून यायचा असतो. भाव चढतात ते या खिंडीत. त्याच वेळी पाऊस लांबला तर नवा कांदाही शेतातच नासतो. मग सरकार मध्ये पडतं. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं, डिसेंबरात निर्यात बंदच केली आणि मे २०२४ मध्ये ती पुन्हा उघडली. शहरातल्या गिऱ्हाइकाला दिलासा मिळाला. चाळ भरून बसलेल्या शेतकऱ्याच्या पोटात त्याच दिवशी गोळा आला.

लसणाचं गणित त्याहून कडक. तो वर्षातून एकदाच येतो, फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमारास, आणि सर्वांत जास्त येतो तो मध्य प्रदेशातल्या मंदसौर, नीमच भागातून. एकदा माल कमी निघाला की पुढचा हंगाम येईपर्यंत दुसरीकडून भरून काढायची सोयच नाही. म्हणूनच २०२४ मध्ये लसूण किरकोळ बाजारात ४०० रुपये किलोपर्यंत गेलेला आपण पाहिला. त्या काळात आई लसणाच्या पाकळ्या मोजून वाटणात टाकायची. अख्खी गड्डी सोलून झाल्यावर दोन पाकळ्या परत टोपलीत ठेवताना मी तिला पाहिलंय.

सुकं खोबरं कर्नाटक, केरळ, तमिळनाडूकडून येतं. २०२५ मध्ये त्याचा भाव वर्षभरात दुपटीकडे गेला. माडाला फुलोरा आल्यापासून नारळ पिकायला साधारण वर्ष लागतं. त्यामुळे एका वर्षाच्या उष्णतेचा आणि पाणीटंचाईचा फटका वाटीभर खोबऱ्याला पुढच्या वर्षी बसतो. आज खोबरं महाग का, याचं कारण आजच्या हवामानात शोधलं तर सापडत नाही ते यामुळे.

मिरची घरची, म्हणजे नंदुरबारची. नोव्हेंबर-डिसेंबरात नंदुरबारजवळच्या पथाऱ्यांवरून गेलात तर जमीन लालभडक दिसते आणि गाडीची काच बंद असूनही ठसका लागतो. ओली लाल मिरची तिथे उघड्यावर पसरून वाळवतात. अशात अवकाळी पावसाची एक सर आली की पसरलेला माल भिजतो, काळा पडतो. पीक चांगलं आलं, काढलं, बाजारातही पोचलं आणि वाळवताना गेलं. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचं तिखट आणि काळा मसाला करायला बायका डंकावर रांग लावतात. मिरचीचा भाव किलोमागे तीस-चाळीस रुपयांनी चढला तर पाच किलो मिरचीचं तिखट करणाऱ्या घराला दीडशे-दोनशेचा फटका एकदाच बसतो, तोही शाळेच्या फिया तोंडावर असताना.

शेव हरभऱ्याच्या बेसनाची. हरभरा महागला की सरकार पिवळ्या वाटाण्याची दारं उघडतं. डिसेंबर २०२३ पासून तो शुल्क न लावता आयात होत होता, नोव्हेंबर २०२५ पासून त्यावर ३० टक्के शुल्क आलं. वाटाण्याचं पीठ स्वस्त पडतं, त्यामुळे फरसाणात ते बेसनाच्या जागी वापरलं जातं. पाकिटामागे बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते एकदा वाचून बघा.

राहिलं तेल, आईच्या प्रश्नातलं. इथे जरा थांबायला हवं.

माझ्या आजीच्या घरी शेंगदाण्याचं तेल असायचं, घाण्याचं. आज बहुतेक घरांत सोयाबीन तेल आहे, आणि हॉटेलात, फरसाणात पामतेल. आपला देश आपल्याला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो, वर्षाला दीड कोटी टनांहून अधिक. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीन तेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफूल तेल रशिया-युक्रेनमधून. एप्रिल २०२२ च्या शेवटी इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात तीनेक आठवडे बंद ठेवली आणि युक्रेनचं युद्ध तर त्याआधीच पेटलेलं होतं. पाचोऱ्याच्या बाजारातल्या डब्याचा भाव अशा ठिकाणी ठरत होता, जी पाचोऱ्यात कुणी पाहिलेली नाहीत. त्यात तेलाचा व्यवहार डॉलरमध्ये. रुपया घसरला की परदेशात भाव तोच राहूनही इथे डबा महागतो.

वरून आयात शुल्क. १४ सप्टेंबर २०२४ ला कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क ५.५ टक्क्यांवरून २७.५ टक्क्यांवर नेलं, ऐन सणांच्या आधी. मग मे २०२५ च्या शेवटी ते १६.५ टक्क्यांवर आणलं. वाढ दुकानात आठवड्याभरात पोचली, कपात मात्र रेंगाळत आली. शुल्क वाढवलं ते सोयाबीन उत्पादकासाठी. त्या हंगामात हमीभाव ४,८९२ रुपये क्विंटल होता आणि बाजारात सोयाबीन त्याच्या बऱ्याच खाली विकलं जात होतं. खान्देशातही सोयाबीन पेरणारे कमी नाहीत. म्हणजे शुल्क चढलं तर डबा महाग, उतरलं तर शेंगेला भाव नाही. शेती आणि स्वयंपाकघर एकाच घरात असलेल्या माणसाने कोणती बाजू घ्यायची? माझं मत विचाराल तर शेतकऱ्याला भाव मिळालाच पाहिजे. पण त्याची किंमत निंदणीच्या मजुरीवर जगणाऱ्या बाईच्या तेलातून वसूल करणं मला पटत नाही. तिच्यासाठी वेगळी तरतूद हवी.

याला कारण आहे. गरीब घर आणि सुखवस्तू घर यांच्यात महागाई सारखी नसते. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८५७ मध्ये कुटुंबांचे खर्च तपासून दाखवून दिलं की उत्पन्न जितकं कमी, तितका त्यातला खाण्याचा वाटा मोठा. आपल्याकडच्या २०२३-२४ च्या कुटुंब खर्च सर्वेक्षणात ग्रामीण भागात माणशी महिन्याचा सरासरी खर्च ४,१२२ रुपये निघाला, त्यातले सुमारे ४७ टक्के खाण्यावर. शहरात ६,९९६ रुपये आणि खाण्याचा वाटा सुमारे ४० टक्के. ज्याचा निम्मा पैसा खाण्यावर जातो त्याला खाणं १० टक्क्यांनी महागलं की एकूण खर्चात ५ टक्क्यांचा फटका. ज्याचा चौथा हिस्साच जातो, त्याला अडीच टक्क्यांचा. बाजार तोच, मार वेगळा.

हाच मुद्दा सरकारी निर्देशांकालाही लागू होतो. ग्राहक किंमत निर्देशांक म्हणजे एक मोठी, देशभराची किराणा यादी समजा, जिच्यात प्रत्येक वस्तूला वजन दिलेलं आहे. २०१२ पाया धरलेल्या मालिकेत शंभरपैकी ४५.८६ खाण्यापिण्याला होते, त्यातले तेल-तुपाला ३.५६, डाळींना २.३८, दुधाला ६.६१. मांस-मासळीला ३.६१. माळकऱ्याच्या घरात मांस-मासळीचं वजन शून्य असतं आणि तेवढं वजन दूध, डाळ, तेलाकडे सरकतं. शिवाय ही वजनं जुन्या सर्वेक्षणावरची होती. २०२६ च्या सुरुवातीला २०२४ पाया धरलेली नवी मालिका आली, तिच्यात खाण्यापिण्याचं वजन ३७ च्या आसपास उतरलं आहे. लोक आता मोबाइल, प्रवास, दवाखाना, शिक्षण यांवर जास्त खर्च करतात, म्हणून ते योग्यच. पण ज्या घरात अजून निम्मा पगार किराण्यात जातो, त्या घराला बातमीतला आकडा आणखी परका वाटणार.

मग आपल्या घराचा आकडा काढायचा कसा? हे अवघड नाही. आईसोबत मी त्याच आठवड्यात बसून काढला. आमचा दुकानदार हाताने चिठ्ठी करतो आणि आई त्या चिठ्ठ्या पिठाच्या डब्यामागे खिळ्याला अडकवून ठेवते. वर्षापूर्वीची चिठ्ठी शोधायची, आणि तीच यादी, तेवढ्याच वजनाची, आजच्या भावाने पुन्हा मांडायची. वजन बदलायचं नाही, हे महत्त्वाचं.

समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. समजा एका घरात महिन्याला ५ किलो तेल, ३ किलो तूरडाळ, ५ किलो साखर, २ किलो शेंगदाणे आणि अर्धा किलो चहा लागतो. गेल्या वर्षी तेल १२०, डाळ १६०, साखर ४४, शेंगदाणे १३० रुपये किलो आणि चहाचा पुडा २४० ला. बेरीज १,८००. यंदा तेल १५०, डाळ १२०, साखर ४६, शेंगदाणे १४० आणि चहा २६०. बेरीज १,८८०. वाढ साडेचार टक्क्यांच्या आत. आता शेजारचं घर बघा. त्यांच्याकडे तळण जास्त, डाळ कमी: ८ किलो तेल, १ किलो डाळ, बाकी सारखं. गेल्या वर्षी १,८४०, यंदा २,०९०. वाढ साडेतेरा टक्के. एकच गल्ली, एकच दुकान, एकच भाव, आणि एका घराला महागाई दुसऱ्याच्या तिप्पट. दोघी ओट्यावर बसून "महागाई वाढली का?" यावर भांडल्या तर दोघीही खऱ्या असतील.

मजुरी करणाऱ्या घरात मी आणखी एक मोजमाप वापरते. किलोभर तेलासाठी किती तास राबावं लागतं? समजा रोज ३०० रुपये आणि काम ६ तासांचं. १२० रुपयांचं तेल म्हणजे दोन तास चोवीस मिनिटं. १५० झालं की तीन तास. रोज ३५० झाला तर पुन्हा अडीच तासांच्या जरा वर. भाव वाढला की मजुरी वाढली, यावरच्या वादात हा तासांचा हिशेब लगेच खरं काय ते दाखवतो.

चिठ्ठ्या लावताना एक फसवी जागा सापडते, ती पाकिटांची. पाच आणि दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षं तीच राहते आणि आतलं वजन घटत जातं. चिठ्ठीत महागाई दिसतच नाही, पोरांच्या हातात दिसते. तेलाच्या पिशवीतही लिटर आणि किलो यांची गल्लत होते. एक लिटर सोयाबीन तेल भरतं साधारण ९१० ग्रॅम, आणि काही पिशव्या तर त्याहून कमी वजनाच्या असतात. पाकिटावर आता प्रति ग्रॅम, प्रति किलो किंवा प्रति लिटर किंमत छापावी लागते. त्या बारीक आकड्यावरूनच तुलना करा, मोठ्या आकड्यावरून नको.

रेशनचं धान्य ज्यांना मिळतं, त्यातल्या बहुतेकांना माणशी महिन्याला ५ किलो फुकट आहे. जानेवारी २०२४ पासून पाच वर्षांसाठी ही योजना वाढवली आहे. त्या घरांना गहू-तांदळाच्या महागाईची झळ कमी लागते. भाकरी निघते, पण तिच्यासोबत ताटात काय वाढायचं ते बाजारातूनच आणावं लागतं.

दुधाबद्दल एवढंच सांगते, की गोठ्यातला मोठा खर्च ढेपेचा असतो आणि सरकीची ढेप कापसाच्या पिकावर अवलंबून. कापूस कमी आला की काही महिन्यांनी चहा महागतो. त्याच कापसाची दुसरी बाजूही आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क वर्षअखेरपर्यंत काढून टाकलं गेलं, आणि वेचणी तोंडावर असलेल्या आपल्या भागात भावाची धास्ती पसरली. खर्च चढत असताना कमाई दबली, तर महागाई दर किती का असेना, घर अडचणीतच येतं.

आणि वाढलेला भाव जातो कुठे? रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये काही पिकांचा हिशेब मांडला. ग्राहक केळीवर १०० रुपये खर्च करतो, त्यातले सुमारे ३१ शेतकऱ्याला मिळतात. कांद्यात ३६, टोमॅटोत ३३. रावेर-यावलची केळी ट्रकने दिल्लीकडे निघते तेव्हा कापणी, भाडं, पिकवणीच्या खोल्या, आडत, नासाडी आणि प्रत्येक हाताचा नफा असे थर चढत जातात. सगळेच थर लुटीचे नसतात, वाहतूक आणि पिकवणीला खरा खर्च आहे. तरी शंभरातले ६९ रुपये वाटेत राहतात, हे मला दर वेळी टोचतं. कारण त्या ३१ रुपयांतून खत, ठिबक, मजुरी भागवून उरलेल्या पैशात तो शेतकरीही तेलाचा डबा विकत घेतो, बाजारभावाने.

आपल्या आज्यांनी यावर एक उपाय शोधला होता, वर्षाचं भरण. ऐन हंगामात बाजारात आवक जास्त आणि भाव कमी असतो. तूर जानेवारी-फेब्रुवारीत, गहू मार्च-एप्रिलमध्ये, मिरची पथाऱ्या भरल्यावर, लसूण वाळल्यावर. उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे आणि कुरडया पडतात त्याच दिवसांत कोठीही भरते. हिशेबाने ते आजही बरोबर आहे. लसूण-तुरीसारख्या वर्षातून एकदाच येणाऱ्या मालात हंगामातला आणि शेवटचा भाव यांत मोठं अंतर पडतं. तेलात मात्र भरण करून फारसं हाती लागत नाही, कारण तिथे हंगाम आपला नाही.

अडचण एकच, भरायला एकरकमी पैसा लागतो. आठवड्याच्या मजुरीवर बाजार करणारीला पाव किलोच्या पुडीने घ्यावं लागतं आणि पुडीचा भाव नेहमी पोत्यापेक्षा चढा असतो. आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांनी गेल्या फेब्रुवारीत गटाच्या पैशातून थेट डाळ मिलमधून दोन कट्टे तूरडाळ आणली, जळगावात मिल आहेतच जवळ. समाजमंदिराच्या ओट्यावर तराजू मांडून वाटणी केली. ज्यांच्याकडे रोख नव्हती त्यांनी चार हप्त्यांत दिले. वाटणी संपल्यावर आईने पिशवी घरी आणली, डाळीला एरंडेलाचा हात लावून ती बरणीत भरली, आणि नवी चिठ्ठी जुन्या चिठ्ठ्यांच्या वर खिळ्याला अडकवली.